मदत हवी आहे : नव्या घरातला फर्निचरचा वास जात नाही

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला नवीन फ्लॅटमध्ये राहायला येऊन दीड महिना झाला. बेडरूममधलं कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, आईला तर रात्रभर खोकला. रंगाचा वास आठ-दहा दिवसांत गेला, पण हा वेगळाच आहे, प्लायवूड आणि एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड). त्यातल्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा झोंबणारा वायू सुटतो आणि उन्हाळ्यात जास्त सुटतो, एवढं कळलंय. आपल्याकडे पारा ४० च्या पुढे, त्यामुळे दुपारी खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात आणि संध्याकाळी खोलीत पाऊल टाकवत नाही. पहाटे समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कापूर, उदबत्ती बंद केली, त्याने वास फक्त झाकला जातो, वर धूर.

सुतार म्हणतो, "ताई, जाईल आपोआप." पण कपाटाच्या आतल्या बाजूला आणि कडांना लॅमिनेटच नाही, प्लाय उघडाच आहे. तो आता सील करून घेतला तर फरक पडतो का? कशाने करावा? सोलापुरात कुणी केलंय का? एअर प्युरिफायर घ्यायचा तर कार्बन फिल्टर किती जाड हवा? नुसत्या हेपाने (बारीक धूळकण अडवणारा फिल्टर) वायू अडत नाही म्हणे. तोवर आईला हॉलमध्ये झोपवतेय. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.