चर्चा धागा: ‘सरकार लहान, घर मोठे’ हा रूढिनिष्ठ ख्रिस्ती विचार खानदेशात कितपत टिकतो?

तापीकाठ (भुसावळ):

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मागे एक प्रश्न निघाला आणि वेळेअभावी अर्धवट राहिला, म्हणून तो येथे मांडतो. विवाह, गर्भपात, दारू आणि मुलांचे संगोपन या बाबतींत जो पवित्र शास्त्राला धरून जुनी मते बाळगतो, त्याची अर्थकारणात आणि राजकारणातही काही ठरावीक भूमिका असली पाहिजे काय?

माझ्या मते असली पाहिजे, आणि त्याला आधार आहे. कुटुंब, मंडळी आणि गाव या तिन्ही गोष्टी राज्यसंस्थेच्या आधीच्या आहेत. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याच्या हाती तलवार दिली आहे ती वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी, घराघरांत आईबापाची जागा घेण्यासाठी नव्हे. १९०१ ते १९०५ या काळात नेदरलँड्सचे पंतप्रधान असलेले अब्राहम कायपर हे मुळात पाळक होते. कुटुंब, शाळा, व्यापार आणि मंडळी या प्रत्येक क्षेत्राला आपापला अधिकार थेट देवाकडून मिळतो, राज्याने तो उसना दिलेला नसतो, असे ते मांडत असत. कॅथलिक परंपरेत पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली जवळपास हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली: जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते, ते वरच्या सत्तेने हिसकावून घेणे हा अन्याय आहे.

अर्थकारणातही हेच सूत्र आहे. ‘ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये’, असे पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, आणि घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असे तीमथ्याला बजावतो. याचा अर्थ गरिबाला वाऱ्यावर सोडावे असा नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातील सरव्याचा नियम पाहावा. मालकाने कापणी करताना विसरलेली पेंढी परत आणू नये. परका, पोरका आणि विधवा यांनी शेतात येऊन ती घ्यावी. देणाऱ्याला घेणारा दिसतो, घेणाऱ्याला कष्ट पडतात, आणि मध्ये अर्ज नाही की दलाल नाही. आपल्याकडे एका योजनेच्या मागे किती कागद आणि किती हात लागतात, हे मी वेगळे सांगायला नको.

हा विचार परका आहे, असे कोणी म्हणेल. पण १९९६ चा पेसा कायदा, ज्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार दिले, तो याच तत्त्वाच्या जवळचा आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने आपले जंगल राखले ते गावाने स्वतः नियम घातले म्हणून. आपल्या राज्यात आडवी बाटली करून दुकान बंद पाडण्याचा हक्क गावच्या बायकांना आहे, तोही असाच. मतभेद अवश्य मांडावेत.

नवापूरकर:

दादा, आपण सरव्याचा दाखला दिलात, म्हणून मी शेतापासूनच सुरुवात करतो. विवाह आणि दारू या विषयांवर माझी मते आपल्याइतकीच जुनी आहेत, कदाचित थोडी अधिकच. मी मंडळीचा वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, आहे. तरीही घर मोठे करण्यासाठी सरकार लहान केले पाहिजे, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

आमच्या भागातून दिवाळीनंतर ट्रकच्या ट्रक माणसे ऊसतोडीला जातात, बरीचशी गुजरातेत बारडोलीकडे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे मुकादमाच्या वहीत दोन माणसांची मिळून एक नोंद. उचल आधीच घेतलेली असते, बहुधा पावसाळ्यात घरी दाणा नसताना, आणि ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. लहान लेकरू सोबत फडावर जाते, मोठे आश्रमशाळेत राहते, म्हातारी घर राखते. एका कुटुंबाचे असे तीन तुकडे निम्मे वर्ष वेगळे राहतात. नाताळच्या उपासनेला आमच्या मंडळीचे निम्मे बाक रिकामे असतात. कुटुंब मोडते आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. पण आमचे कुटुंब कोणत्या आधुनिक विचाराने मोडले नाही, योजनेच्या पैशाने आळशी झाले म्हणूनही नाही. ते उचलीने मोडले. काम करण्याची इच्छा नसणाऱ्याने खाऊ नये, हे वचन आपण ज्यांना ऐकवता, ते पहाटे चारला फडावर असतात.

त्याच अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, सरव्याच्या काही वचने आधी, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. ती आपण वगळलीत. सरवा हा दानाचा नियम वाटतो, हा मात्र सरळ मजुरीचा कायदा आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षात जमीन मूळ घराण्याकडे परत जाते, ती मालकाच्या दयेने नव्हे, नियमाने जाते.

आणि कोयत्याच्या बाबतीत खालच्या पातळीवरचे काम खालीच, हे कसे चालावे? मजूर महाराष्ट्राचा, कारखाना गुजरातचा, मुकादम मध्ये. आमचे नवापूर स्टेशन अर्धे या राज्यात आणि अर्धे त्या राज्यात आहे, पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. पण रेषेपलीकडच्या कारखान्याला आमची ग्रामसभा काय विचारणार? अमेरिकेत १९७९ साली पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही रूढिनिष्ठ ख्रिस्ती राजकीय संघटना उभी केली; सरकार लहान करण्याची भाषा इकडच्या प्रचारकांच्या तोंडी तेथूनच आली, असे मला वाटते. त्याच साली आपल्या संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला होता. अंमलबजावणी तोकडी पडली, ही गोष्ट वेगळी. आम्हांला त्या कायद्याचे हात बळकट हवे होते.

साक्रीची लेक:

‘कुटुंबाला देवाकडून अधिकार मिळतो’ हे वाक्य वाचताना मला नेहमी विचारावेसे वाटते की, कुटुंबातल्या कोणाला? १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीच्या व्यभिचाराचे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग किंवा तत्सम आणखी एखादी गोष्ट सिद्ध करावी लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली त्या अटी खोडल्या आणि संसदेने २००१ साली कायदा बदलून नवरा-बायकोला समान कारणे दिली. तोपर्यंत एकशे बत्तीस वर्षे गेली होती. माझ्या नात्यातल्या एका मावशीला वडीलमंडळाने तीनदा समजावून परत पाठवले, आणि तिन्ही वेळा प्रार्थना करूनच पाठवले. मी विवाह पवित्र मानते. पण वडीलमंडळ हे एक ‘क्षेत्र’ आहे आणि त्यात न्यायालयाने पाऊल टाकू नये, असे कोणी म्हणू लागले की मला त्या मावशीची पिशवी आठवते. ती बसस्टँडवर मांडीवर घेऊन बसली होती.

केळीवाला (रावेर):

मी ख्रिस्ती नाही, तरी एक शंका विचारतो. सरकारने घरात डोकावू नये असे म्हणणारेच गर्भपात कायद्याने बंद करावा अशी मागणी करतात, हे कसे? शिवाय वादळात बाग आडवी झाली की आमच्याकडचा कितीही स्वाभिमानी बागायतदार प्रथम पंचनाम्याचीच वाट पाहतो. लहान सरकार चांगले दिवस असताना सुचते.

तापीकाठ:

केळीवाले भाऊंच्या शंकेचे उत्तर मला अवघड वाटत नाही. ज्याला स्वतःचा आवाज नाही अशा जिवाचे रक्षण हेच तलवारीचे पहिले काम आहे, असे मी मानतो, आणि म्हणून १९७१ च्या गर्भपात कायद्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. सरकार लहान असावे याचा अर्थ ते दुबळे असावे असा होत नाही.

ताईंचे म्हणणे मला लागले. वडीलमंडळ चुकते तेव्हा दाद मागायला दार असलेच पाहिजे, हे मी आधीच लिहायला हवे होते. मजुरीचे वचन मी वगळले, हेही खरे आहे. तरी नवापूरकर दादांना एक विचारतो. ज्या सरकारचे हात आपण बळकट करू पाहता, तेच हात उद्या मंडळीच्या दारावर पडले तर? ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची मान्यता नाकारली. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, आपल्याला नाही. माणूस कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याने सरकारला दिला, त्याने सगळेच दिले.

नवापूरकर:

हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, म्हणून आम्हांला आजवर ती झळ बसली नाही; पण धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा ही मागणी आमच्या भागातही ऐकू येते. श्रद्धेच्या बाबतीत सरकारचा हात आखूड असावा, यावर आपले एकमत आहे. मी फक्त इतकेच म्हणतो की, श्रद्धेसाठी आखूड असलेला हात मुकादमासाठीही आखूडच असला पाहिजे, हे कोठल्याही वचनातून निघत नाही.

जुनी श्रद्धा आणि लहान सरकार हे गाठोडे एकत्र बांधले गेले ते अलीकडे. अमेरिकी नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचेच पाहा. १९२५ साली उत्क्रांतिवादाविरुद्ध न्यायालयात उभे राहिलेले हेच गृहस्थ १८९६ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बाजूने आणि पेढीवाल्यांच्या विरोधात अध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. शास्त्राच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा कर्मठ कोण होते? आणि आपले कायपर? १८९१ साली त्यांनी गरिबीच्या प्रश्नावर ख्रिस्ती सामाजिक परिषदेत गाजलेले भाषण केले, आणि १९०३ साली रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्याच सरकारने संपबंदीचा कायदा आणला. त्या वेळी प्रत्येक क्षेत्राचा देवदत्त अधिकार कोठे गेला होता, हे आपल्या तरुण संघात एकदा विचारून पाहावे.

फडावरची माणसे उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पुनरुत्थानाच्या रविवारी आमच्याकडे बाक पुरत नाहीत, खाली सतरंजी घालावी लागते. भुसावळहून पहाटेची गाडी धरलीत तर उपासनेच्या वेळेपर्यंत पोहोचाल. मजुरीचे ते वचन त्या दिवशी आपणच वाचावे, अशी विनंती आहे.