मेइजी काळातले (१८६८-१९१२) जपानी नेत्यांचे फोटो: खरे कोणते?

प्रश्न (वाचक_लेखिका): सचित्र लेखासाठी सामुराई नेता साइगो ताकामोरीचे तीन फोटो मिळालेत, तिन्हींत चेहरा वेगळा. शिवाय एका समूहफोटोत साइगो आणि त्याच काळातले नेते ओकुबो, साकामोतो र्‍योमा एकत्र बसल्याचं खाली लिहिलंय. यातलं काय छापावं? आणि एका सामुराईची तलवार उजव्या कमरेला दिसते, तो डावखुरा होता का?

काचपट्टी: साइगोचा खात्रीचा एकही फोटो नाही. तिन्ही बाजूला ठेवा. सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा किओस्सोने या इटालियन चित्रकाराच्या चित्रातला. ते साइगो १८७७ मध्ये गेल्यानंतर काढलं, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ यांच्या चेहर्‍यांवरून. तेच छापा, पण खाली 'चित्र' लिहा.

समूहफोटो नागासाकीच्या उएनो हिकोमा या फोटोग्राफरच्या स्टुडिओतला, साधारण १८६८ चा. मधोमध दाढीवाले परदेशी गुरुजी व्हर्बेक, भोवती बहुतेक सागा संस्थानाच्या शाळेतले विद्यार्थी. र्‍योमाचा खून १८६७ च्या डिसेंबरातच झाला होता, मग तो तिथे बसेल कसा?

ओली_काच: डावखुरा नव्हे, फोटो उलटा आहे. तेव्हा काचेवर कोलोडियन या चिकट रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच फोटो घेत. मागे काळा रंग किंवा कापड लावलं की तीच काच फोटो म्हणून दिसे, पण बहुधा आरशासारखी उलटी. काचेवरून कागदावर छापलेली प्रत मात्र सुलटी येते.

किमोनो बघा: डावा पदर वर असतो, म्हणजे समोरून गळ्याशी रोमन लिपीतलं लहान वाय (y) अक्षर दिसतं. ते उलट दिसलं तर काच उलटी. पण घाईने फिरवू नका. फोटोत सुलटं दिसावं म्हणून काही सामुराई मुद्दाम तलवार उजवीकडे लावत, पदरही उलटा घेत. अशा फोटोत सगळं नीट दिसतं, चेहरा तेवढा उलटा! म्हणून कागदी प्रत शोधून चेहर्‍याची ठेवण ताडून पाहा.

वाचक_लेखिका: जपान सरकारने अमेरिका-युरोपला पाठवलेल्या इवाकुरा शिष्टमंडळाच्या फोटोवर कुठे १८७१, कुठे १८७२ आहे.

काचपट्टी: १८७२. सान फ्रान्सिस्कोतला तो फोटो. मेइजी वर्षात १८६७ मिळवायचे, की इसवी सन येतो. पण १ जानेवारी १८७३ पूर्वी जपानी पंचांग वेगळं होतं, त्यामुळे मेइजी ४ चा बारावा महिना १८७२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. इथेच चूक होते. मधोमध बसलेल्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांच्या, इवाकुरांच्या डोक्यावर अजून शेंडीचा बुचडा आहे, अंगात किमोनो आणि पायात बूट. पुढे त्याच दौर्‍यात त्यांनी बुचडा कापला.