समुद्रगुहेत पोहण्याचे अनुभव : कोकण किनारा

सुरंगी

काल संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या वर्गाला सोडून मी तलावाच्या काठावर बसले होते. मुले पाण्यात उतरली, तशी कठड्याखालच्या पन्हळीत लाट शिरली आणि आत कोंडलेल्या हवेचा ‘गुडुप’ असा खोल आवाज आला. तो ऐकताच मला २०१४ च्या जानेवारीतली, सिंधुदुर्गातल्या निवती गावची सहल आठवली आणि रात्रभर दुसरे काही सुचले नाही. म्हणून हा धागा काढते आहे. कोकणात छोट्या होडीने जाऊन बेटाच्या किंवा खडपाच्या गुहेत ज्यांनी पोहण्याचा अनुभव घेतला असेल, त्यांनी कृपया लिहावे.

आम्ही सहा जण होतो आणि होडीत तांडेलकाका (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) व त्यांचा पुतण्या असे दोघे. सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही गुहेसमोर पोहोचलो. समुद्र आम्हाला अगदी शांत वाटत होता, पण काकांनी यंत्र बंद केले आणि चांगली वीस मिनिटे ते नुसते गुहेच्या तोंडाकडे पाहत बसले. आमच्यातल्या एकाने दोनदा विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “वायच थांबा, माका बघूक होया.” गुहेत शिरणारे पाणी किती उंच चढते, दोन मोठ्या लाटांमध्ये किती वेळ जातो आणि परतणारे पाणी कोणत्या बाजूने ओढते, हे ते पाहत होते, असे पुढे त्यांच्या पुतण्याने सांगितले.

मग दोघादोघांच्या जोडीने, पुतण्या पुढे आणि त्याच्या हातात दोर, असे आम्ही आत गेलो. तोंडापासून पंधरा-वीस हात आत गेल्यावर मागे वळून पाहिले, तर पाण्याला खालून दिवा लावल्यासारखा निळसर हिरवा उजेड होता. आपलेच पाय त्यात पांढरेफटक दिसत होते. लाट आत आली की आधी कानात दडा बसायचा, मग मागच्या काळोखातून तो ‘गुडुप’ आवाज यायचा आणि दडा सुटायचा. मी भिंतीला हात लावायला गेले, तेव्हा पुतण्याने अडवले. भिंतीवर कालवांचा जाड थर होता आणि प्रत्येक शिंपल्याची कड पात्यासारखी होती. त्या थराकडे पाहत नजर वर नेली, तेव्हा तो माझ्या डोक्याच्याही वर हातभर उंचीपर्यंत गेलेला दिसला. कालवे जिथवर चिकटतात तिथवर रोज पाणी चढते, म्हणजे मी जिथे श्वास घेत होते ती जागा काही तासांनी पाण्याखाली जाणार होती. हे मला कोणी सांगितले नाही, त्या भिंतीवरच ते दिसत होते.

दुसरी जोडी आत असतानाच काकांनी शिट्टी वाजवली आणि हाक दिली, “आता भायर येवा, पाणी चढता हा.” तिसऱ्या जोडीला त्यांनी आत सोडले नाही. त्या जोडीत माझे यजमान होते आणि ते फार हिरमुसले. आम्ही होडीत चढून चहा ओतून घेत होतो, तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी पांढरा फेस उसळू लागला. त्यानंतर कोणीच तक्रार केली नाही.

मतलई

सुरंगीताई, आपण कालवांच्या थराविषयी लिहिलेत, ते वाचून वडिलांची आठवण झाली. आमच्या घरी तीन पिढ्या मासेमारी आहे. वडील अशा घळींमध्ये शेवंड, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, धरायला जात आणि आम्हा भावांना आत नेण्याआधी भिंतीवरचा ओला-सुका पट्टा दाखवत. खालचा शेवाळी पट्टा, मधला कालवांचा आणि वरचा कोरडा काळा, हे तिन्ही ओळखता आल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

आता तिथीविषयी लिहितो, कारण सहलीची तारीख सुट्टी पाहून ठरवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि त्याला ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल मंद असते. गुहेत जायचे असेल तर षष्ठी-सप्तमी मला सर्वांत योग्य वाटते, कारण तेव्हा पाणी भांगाकडे झुकलेले असते आणि ओहोटी साडेदहा-साडेअकराच्या सुमारास पुरी होते. त्या वेळेपर्यंत पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा पडलेला असतो आणि दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा अजून जोर धरत नाही. ओहोटीच्या शेवटच्या तासात आत जावे आणि पाणी फिरण्याआधी बाहेर यावे.

आपण गेलात ती तिथी कोणती होती, हे आठवते का?

सुरंगी

पौषातली सप्तमी होती. माझ्या सासूबाईंचा त्या दिवशी उपास होता, म्हणून लक्षात आहे. आपला हिशोब तंतोतंत जुळतो.

बकुळ

फोनवरूनच लिहिते आहे, तवा तापला आहे, म्हणून थोडक्यात विचारते. हा पाऊणपटीचा हिशोब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना चालतो का?

मतलई

होय, बकुळताई, दोन्ही पक्षांना चालतो. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे सकाळी जी वेळ निघते तीच साधारण रात्रीचीही धरावी. मात्र हा अंदाज आहे. बंदरावर लावलेले भरतीचे कोष्टक अवश्य पाहावे आणि शेवटचा शब्द तांडेलाचा मानावा.

कातळशिल्प

आम्ही आठ वर्षांपूर्वी वेंगुर्ला रॉक्सला गेलो होतो. वेंगुर्ल्याच्या वायव्येला भर समुद्रात असलेला हा बेटांचा पुंजका आहे आणि त्यावर दीपगृह आहे. त्यांपैकी बर्न्ट आयलंड नावाच्या बेटाच्या गुहांमध्ये पाकोळी या पक्ष्यांची वसाहत आहे. आमच्या गटातल्या तिघांना गुहेत पोहत जायचे होते, पण तांडेलाने स्पष्ट नकार दिला. विणीचे दिवस होते आणि माणूस आत शिरला की पक्षी घरट्यांवरून उठतात, असे त्यांनी सांगितले. आम्ही होडीतूनच तोंडाशी थांबून ऐकले. काळोखातून बारीक टकटक असा आवाज अखंड येत होता. या पाकोळ्या तो आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट शोधतात आणि लाळेत पिसे व काड्या कालवून भिंतीला चिकटलेले अर्ध्या वाटीसारखे घरटे बांधतात. परदेशी बाजारात या घरट्यांना मोठी किंमत मिळते, म्हणून पूर्वी इथून ती चोरली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वन विभागाच्या साथीने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आम्ही पोहलो ते बेटाच्या आडोशाला, उघड्या पाण्यात. गुहेत गेलो नाही याची रुखरुख तेव्हा होती, आज मुळीच नाही. ज्या गुहेत पक्षी राहतात ती गुहा आपल्यासाठी नाही, असे माझे ठाम मत आहे.

बकुळ

ती टकटक मला आत्ता इथे स्वयंपाकघरात ऐकू आली. फार सुंदर लिहिलेत.

निवांतपाणी

माझा अनुभव चांगला नाही, पण तो इथे नोंदवणे आवश्यक वाटते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही कुटुंबासह गेलो. ठरवताना आठ माणसे सांगितली होती आणि प्रत्यक्षात होडीत चौदा जणांना बसवले. जीवरक्षक जाकिटे होती, परंतु लहान मुलांच्या मापाचे एकही नव्हते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घातले आणि पाण्यात उतरताच ते त्याच्या कानांच्या वर सरकले, हात वर अडकले आणि चेहरा आतल्या आत बुडू लागला. मी शेजारीच होतो म्हणून त्याला लगेच उचलता आले. त्याहून मोठी चूक अशी, की माणसे पाण्यात असताना चालकाने यंत्र सुरू ठेवले होते आणि त्याचा पाण्याखालचा पंखा फिरत होता. मी मोठ्याने ओरडल्यावर त्याने ते बंद केले. गुहेत आम्ही गेलोच नाही. मुलगा आता समुद्रावर गेला की माझा हात सोडत नाही.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात, अशी माझी सर्वांना विनंती आहे. होडीत किती माणसे बसणार ते मोजावे. प्रत्येकाचे जाकीट किनाऱ्यावरच घालून, मुलांच्या बाबतीत मांड्यांमधला पट्टा बांधून, खांद्याजवळ वर ओढून पाहावे. पाण्यात कोणी उतरण्यापूर्वी यंत्र पूर्ण बंद होते का, हे विचारावे.

सुरंगी

निवांतपाणी, वाचून जीव गलबलला. मुलाला धीराने, गुडघाभर पाण्यापासून पुन्हा सुरुवात करू द्या. माझ्या पुतणीची भीती अशीच हळूहळू गेली.

चिवलाकर

मी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धांमध्ये अनेक वर्षे भाग घेत आलो आहे, तरीही गुहेत पहिल्यांदा गेलो तेव्हा मला नव्याने शिकावे लागले. तलावात किंवा उघड्या समुद्रात आपण पुढे जाण्यासाठी हात मारतो. गुहेत मात्र लाट आत येताना ती आपल्याला नेते आणि परतताना ओढून आणते, त्यामुळे हातांचे काम मुख्यतः भिंतीपासून दूर राहण्याचे असते. लाट भिंतीवर आपटून उलट येते आणि दोन लाटा मधोमध भेटतात, तिथे पाणी अचानक उंच होते. छत ठेंगणे असेल तर त्याच जागी डोके आपटते.

जाकिटाविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जाकीट घातलेला माणूस बुडी मारू शकत नाही. पाणी वाढून वाट बंद होऊ लागली, तर जाकीट त्याला छताशी दाबून धरते. म्हणून जाकीट काढून आत जावे असे मी म्हणणार नाही. जिथे जाकिटासह निर्धोकपणे जाता येत नाही इतके छत खाली आहे, त्या गुहेत जाऊच नये, असे म्हणेन. पायांत रबरी तळाचे बंद बूट असावेत. हाताने आधार घ्यायची सवय पोहणाऱ्याने मोडावी लागते, कारण भिंतीवर एक तळवा टेकला की चार चिरा पडतात आणि खाऱ्या पाण्यात त्या लवकर बुजत नाहीत. मला डाव्या तळव्याला तीन आठवडे पट्टी बांधावी लागली होती.

परत होडीत चढणे हे सर्वांत थकवणारे काम असते. आमच्या होडीला शिडी नव्हती, कडेला टायर बांधलेला होता, त्यावर पाय ठेवून चढायचे. दमलेल्या माणसाला ते जमत नाही. शिडी आहे का, हे आधी विचारावे.

समईची_वात

मी गुहेत पोहले नाही, पण हेदवीची बामणघळ पाहिली आहे आणि ती पाहिल्यावर वरच्या सगळ्या सूचनांचा अर्थ नीट कळतो. काळ्या कातळात एक अरुंद उभी चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात घुसते, पुढे जायला जागा उरत नाही म्हणून उसळून वर येते आणि तुषार थेट आपल्या अंगावर पडतात. तिथे उभ्या असलेल्या एका शिक्षकांनी आम्हाला कारण समजावून सांगितले. कातळाच्या फटीत लाट शिरताना हवा दाबली जाते, लाट मागे सरली की तो दाब एकदम सुटतो, आणि हेच हजारो वर्षे चालत राहिल्याने बारीक फट रुंद होत घळ किंवा गुहा तयार होते. सुरंगीताईंच्या कानात बसलेला दडा त्याच दाबाचा असावा.

मतलई

अगदी बरोबर. वडील त्याला ‘गुहेचा श्वास’ म्हणत. तो श्वास जड झाला की ते निघण्याची खूण करत.

ओलीवाळू

मला पोहता येत नाही. जाकीट घालून, कोणीतरी धरून, आत नेतील का? मैत्रिणी जाणार आहेत आणि मला एकटीला होडीत बसवत नाही.

चिवलाकर

ताई, उघड्या, शांत पाण्यात जाकीट घालून तरंगण्याचा अनुभव आपण जरूर घ्यावा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षित माणसांबरोबर नळी लावून प्रवाळ पाहण्याची सोय आहे, तिथे सुरुवात करता येईल. फक्त प्रवाळावर पाय टेकू नये. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि एका पावलाने मोडलेले प्रवाळ भरून यायला वर्षे लागतात. गुहेत मात्र पोहता आल्याशिवाय जाऊ नये. आपल्याला धरणाऱ्या माणसाचे दोन्ही हात त्यात गुंततात आणि मग भिंतीपासून दोघांनाही दूर ठेवायला कोणी उरत नाही.

ओलीवाळू

स्पष्ट सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या महिन्यापासून पोहण्याच्या वर्गाला नाव घालते.

सुरंगी

सर्वांचे आभार मानते. आज दुपारी धीर करून निवतीला तांडेलकाकांच्या घरी फोन केला. काका आता समुद्रावर जात नाहीत, पुतण्याच होडी चालवतो. त्याने मला ओळखले नाही, पण “तिसऱ्या जोडीला आत सोडले नव्हते, ते आम्ही” असे म्हटल्यावर लगेच हसला आणि यजमानांची चौकशी केली. मार्गशीर्षातली षष्ठी त्याला सांगितली. तो म्हणाला, तिथी चांगली आहे, या, पण नक्की काय ते आदल्या संध्याकाळी पाणी पाहून सांगेन. यजमानांनी हे ऐकले आणि कपाटाच्या तळातून जुने रबरी बूट काढून उन्हात ठेवले आहेत.