स्क्रॅबल : 'यू' हाती नसताना 'क्यू' असलेले शब्द कसे शोधावेत?

अक्षरवेल
माझी मुलगी मराठी माध्यमात सातवीत शिकते. गेले वर्षभर आम्ही दोघी रात्रीची जेवणे आटोपल्यावर इंग्रजी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवण्याचा खेळ, खेळतो आणि पुढच्या महिन्यात तिची पहिली आंतरशालेय स्पर्धा आहे. रविवारच्या डावात 'क्यू' तिच्याकडे दुसऱ्याच खेळीला आला. आज ना उद्या 'यू' मिळेल या आशेवर तिने तो शेवटपर्यंत धरून ठेवला, माझ्या टाइल्स आधी संपल्या आणि ती 14 गुणांनी हरली. त्यानंतर मी अक्षरे दिल्यावर शब्द शोधून देणारी इंटरनेटवरील दोन-तीन साधने वापरून पाहिली. परंतु शब्दांची भलीमोठी यादी समोर येते, त्यातले निम्मे मी कधी ऐकलेले नसतात, आणि एका ठिकाणी चालणारा शब्द दुसरीकडे बाद ठरतो. विशिष्ट अक्षरे असलेले शब्द शोधण्याची आणि ते या वयाच्या मुलीच्या ध्यानात राहतील अशी एखादी पद्धत अनुभवी खेळाडूंनी कृपया सांगावी.

पटकरी
ताई, दोन साधनांची उत्तरे जुळत नाहीत याचे कारण बहुधा शब्दसंग्रहातील फरक हे असावे. अमेरिका आणि कॅनडात एक यादी वापरतात, तर भारतातील स्पर्धात्मक स्क्रॅबलमध्ये कॉलिन्स या शब्दकोशाची यादी प्रमाण मानली जाते. 'सी-एच' हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये ग्राह्य आहे, तिकडे नाही. म्हणून आयोजकांना आधी विचारून घ्या आणि साधनातही तीच यादी निवडा.

आता रविवारच्या डावाकडे वळतो, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 'क्यू'चे 10 गुण असतात. प्रतिस्पर्ध्याने डाव संपवला तेव्हा तो हातात राहिला, तर आपले 10 वजा होतात आणि समोरच्याला 10 मिळतात, म्हणजे एकूण 20 गुणांचा फरक पडतो. मुलगी 14 गुणांनी हरली. पटावर एखाद्या 'आय'ला लागून मोकळी जागा मिळून 'क्यू-आय' एवढेच लागले असते, तर डाव तिच्याकडे झुकण्याची दाट शक्यता होती. हा चिनी परंपरेतील प्राणशक्तीचा शब्द, आणि 'क्यू-ए-टी' म्हणजे येमेनमध्ये चघळतात ती पाने. हे दोन आजच पाठ करून घ्या.

पुढचे शब्द मात्र पाठ करण्याचे नाहीत, ओळखण्याचे आहेत. 'यू'शिवाय येणारे 'क्यू'चे बरेच शब्द अरबीतून इंग्रजीत गेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडेही आलेले आहेत. फकीर म्हणजे 'एफ-ए-क्यू-आय-आर', तलाक म्हणजे 'टी-ए-एल-ए-क्यू', नकाब म्हणजे 'एन-आय-क्यू-ए-बी'. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे शब्द विचित्र वाटतात ते तुमच्या मुलीच्या कानावरून रोज गेलेले आहेत. तिला फक्त त्यांचे स्पेलिंग बसवायचे आहे. मला ही जमेची बाजू फार मोलाची वाटते.

रकानेवाला
शोधण्याच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो. शब्दांची यादी स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात एक ओळ, एक शब्द अशी घ्यावी आणि 'क्यू आहे' व 'यू नाही' अशा दोन अटींचे फिल्टर लावावे. नंतर लांबीचा रकाना करून पाच अक्षरांपर्यंतचेच शब्द ठेवले, की यादी मुलीला झेपेल इतकी लहान होते.

शेजारच्या रकान्यात प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवली तर आणखी उपयोग होतो. रेटिना आणि रिटेन हे दोन्ही शब्द तेथे 'ए-ई-आय-एन-आर-टी' असेच दिसतात. हातातल्या टाइल्सही खेळाडूने याच क्रमाने लावण्याची सवय केली, तर ओळखीचा संच लगेच डोळ्यांत भरतो.

पटकरी
या फिल्टरमध्ये एक दुरुस्ती आवश्यक आहे. 'यू नाही' अशी अट घातली की बुरखा गळून पडतो, कारण त्याच्या 'बी-यू-आर-क्यू-ए' या स्पेलिंगमध्ये 'यू' आहे. तो 'क्यू'च्या लगेच पुढे नाही, इतकेच. म्हणून "'क्यू-यू' ही जोडी नाही" अशी अट घालावी. आपल्याला हवे असलेले शब्द म्हणजे ज्यांत 'क्यू'पाठोपाठ 'यू' येत नाही ते, आणि शोधताना हा भेद पाळला नाही तर नेमका ओळखीचा शब्द निसटतो.

अक्षरवेल
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी वहीच्या डाव्या बाजूला देवनागरीत फकीर, तलाक, नकाब, बुरखा, कव्वाली असे लिहिले आणि उजवीकडे तिने स्पेलिंग लिहायचे असे ठरवले. पहिल्या चारांपैकी तीन तिने न पाहता बरोबर लिहिले. कव्वालीत मात्र तिने एकच 'डब्ल्यू' घातला, आणि दोन आहेत हे कळल्यावर "आपणही 'व्व' जोडूनच लिहितो ना" असे स्वतःच म्हणाली. हा सात अक्षरी शब्द डावात कधी लागू शकेल का, असे ती विचारते आहे.

पटकरी
लागू शकेल, आणि हाताच्या सातही टाइल्स एका खेळीत लावल्याचे 50 गुण वरून मिळतील. परंतु 100 टाइल्सच्या संचात 'डब्ल्यू' दोनच असल्यामुळे त्या शब्दाची वाट पाहत 'क्यू' अडवून ठेवू नये, असे तिला सांगा. 'आय' किंवा 'ए' हाताशी नसेल, पटावरही सोयीची जागा दिसत नसेल आणि पिशवीत निदान सात टाइल्स शिल्लक असतील, तर एक खेळी सोडून 'क्यू' बदलून घेता येतो. स्पर्धेपूर्वीच्या सरावात तिच्याकडून हे दोन-तीनदा मुद्दाम करवून घ्या, कारण 10 गुणांची टाइल हातची सोडणे नव्या खेळाडूला फार जड जाते.