बाईच्या खात्यात पैसे आले की घरचा खर्च बदलतो का?

पर्वतीपायथा: लाडकी बहीण योजनेचा पहिला सोहळा ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बालेवाडीत झाला. महिना १५०० रुपये, थेट बाईच्या खात्यात. तेव्हापासून 'फुकटची सवय लागेल' हेच ऐकतेय. जनता वसाहतीतल्या धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांना विचारा पैसे कुठे जातात ते: तेल, डाळ, पोरीची शिकवणी, भिशी. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांपोटी मिळणारी सवलत बापाच्या पगारातून काढून आईच्या हाती रोख दिली. पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकामुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला.

डेक्कनकर: एका उदाहरणावरून इतकं ठाम बोलू नका. मोरोक्कोत मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून छोटी रक्कम काही गावांत आईला, काही गावांत बापाला दिली. शाळेतली हजेरी दोन्हीकडे वाढली, फरक जवळपास नाहीच. मग महत्त्वाचं काय, हात की हेतू? शिवाय नवरा 'तुझे आलेत ना?' म्हणून घरखर्चाला द्यायचे तेवढे कमी करतो. मग वाढीव पैसा उरला कुठे?

येरवड्याची: नवऱ्याचं खरं आहे. आमच्या चाळीत दोघीतिघींची एटीएम कार्डं नवऱ्यांच्याच खिशात असतात. पण ज्या स्वतः पैसे काढतात, त्यांना दुकानदाराची उधारी फेडताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. हे कुठल्या पाहणीत मोजतात?

पर्वतीपायथा: @डेक्कनकर, मोरोक्कोत पैशावर शिक्षणाचा शिक्का होता, इथे कसलाच नाही. म्हणून तर हात महत्त्वाचा. दक्षिण आफ्रिकेत आजीला पेन्शन मिळू लागल्यावर घरातल्या नातींचं वजन-उंची सुधारली. आजोबांच्या पेन्शनने तसं दिसलं नाही. आणि तिथेही ते पैसे मुलींसाठी म्हणून दिलेले नव्हते.

डेक्कनकर: मान्य, ते उदाहरण वजनदार आहे. तरी पुण्यात १५०० मध्ये खोलीचं अर्धं भाडंही निघत नाही. तोच पैसा अंगणवाड्या आणि महापालिकेच्या शाळांवर घाला, मुलांना जास्त मिळेल.

येरवड्याची: अंगणवाडी हवीच, पण तिच्या नावाखाली हे बंद करू नका. आधी हप्त्याची तारीख पक्की करा. कधी या महिन्याचा पुढच्या महिन्यात येतो, आणि शिकवणीवाले काही तोवर थांबत नाहीत.