पीएस-पीव्हीएमईची फिल्म: तापमानाचा परिणाम कसा मोजू? (बजेट ५,०००)

थेंबे_थेंबे: एमएस्सीचा प्रोजेक्ट. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर निम्मंनिम्मं, टोल्यूइनमध्ये विरघळवून सिलिकॉन वेफरवर स्पिन कोट (गरगर फिरवून पातळ थर). तापवल्यावर वरच्या थरात कोण किती, ते बघायचंय. हॉटप्लेट आणि कॉन्टॅक्ट अँगलचं मशीन (थेंब पृष्ठभागाशी किती कोन करतो ते मोजणारं) आहे, एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणारं) नाही. ५,००० रुपयांत काय घेऊ?

निवांत_नायट्रोजन: व्हॅक्यूम ओव्हन घे. आमचा ९० हजारांचा, आठ वर्षं कुरकुर नाही.

थेंबे_थेंबे: ५ हजार म्हटलंय हो दादा.

खोडरबर: हॉटप्लेटच्या डिस्प्लेवर जाऊ नकोस. माझी १२० दाखवायची, वेफरवर १०४ भरायचे. सहा महिन्यांचा डेटा पाण्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आण.

वरणभात: पीव्हीएमईऐवजी पीएमएमए (ॲक्रिलिक) घे की. ॲसेटिक ॲसिडने तेवढंच धुऊन निघतं, सगळे तेच करतात.

निवांत_नायट्रोजन: सगळे करतात म्हणून? पीएस-पीएमएमएच्या पृष्ठऊर्जा जवळपास सारख्याच. तिथे वर कोण येणार, त्यातला निम्मा खेळ टोल्यूइनच करून जातं.

वरणभात: माझा पेपर त्यावरच आलाय, असो.

अर्धवट_पीएचडी: मुद्द्यावर या. पीव्हीएमईची पृष्ठऊर्जा कमी, म्हणून मिश्रण एकजीव असतानाही तेच वर येऊन बसतं. शिवाय ही जोडी गार केल्यावर नाही, तापवल्यावर फुटते, म्हणजे दोन्ही पॉलिमर वेगळे होतात. किती तापमानाला फुटेल ते रेणुभार आणि प्रमाणावर. त्या सीमेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे मोजायला हवं. आणि पीव्हीएमई गार पाण्यात विरघळतं रे! पाण्याचा थेंब ठेवलास की अँगल घसरत जाणार, तू म्हणणार तापमानाचा परिणाम.

खोडरबर: थर्मोकपल आधी.

अर्धवट_पीएचडी: पैसे देऊन बाहेरून एक्सपीएस करून घे. पीएसमध्ये ऑक्सिजन नाहीच, त्यामुळे ऑक्सिजन दिसला तो पीव्हीएमईचा. फक्त उघड्यावर तापवू नकोस, ऑक्सिडेशनने तोच आकडा फुगेल.

निवांत_नायट्रोजन: म्हणजे व्हॅक्यूम ओव्हन. मी काय म्हणत होतो?

अर्धवट_पीएचडी: फनेल उलटं घालून नायट्रोजन सोडला तरी भागतं. न तापवलेली फिल्मही फ्रिजमध्ये ठेव. निम्म्यानिम्म्या मिश्रणाचं ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाखाली रेणू गोठल्यासारखे होतात) खोलीच्या तापमानाखालीच असतं, टेबलावर ठेवलीस तरी आतले रेणू सरकत राहतात.

थेंबे_थेंबे: सगळ्यांचे आभार. सरांशी बोललो. सगळे पैसे तीन नमुन्यांच्या एक्सपीएसला: न तापवलेला, ८० आणि १४०. नायट्रोजनचा सिलिंडर रिकामा आहे, तेव्हा उघड्यावरच. तापमान डिस्प्लेवरचंच लिहीन.

खोडरबर: १०४.