चुलता ४१ चा गेला, आजी ८४ ची उठून बसली. मग धोका नेमका कुणाला धरायचा?

औशाचा_पोरगा
राम राम मंडळी. टीव्हीवर परत कोरोनाचं नवीन व्हेरियंट नवीन व्हेरियंट चालू झालंय आन मायनं सकाळपासून जुने मास्क कुठं ठिवलेत म्हणून ट्रंक उपसायला घेतलीय, म्हणून इचारतो. एप्रिल २०२१ ला आमच्या घरात सात जण पॉझिटिव्ह होते. आजी ८४ ची, बीपीची गोळी चालू, आठ दिवस खोकली आन नवव्या दिवशी पाट्यावर ठेचा वाटायला बसली. चुलता ४१ चा, रात्री लाईट आली की उठून मोटर चालू करायला जाणारा गडी, एक गोळी माहीत नाही, तो लातूरला नेल्यावर सहाव्या दिवशी गेला. नेलं त्या दिवशी ओट्यावर बसून फोनवर सोयाबीनच्या बियाण्याचा भाव इचारायलता, आशाताईनं बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८१. ताईला वाटलं सेल उतरलेत, दुसऱ्या बोटाला लावलं, ८०. तरी हा म्हणतो थांबा ओ, बोलू द्या.
आता घरात वडील ६३, दहा वर्षांपासून शुगर. बायकोला सहावा महिना. माय चुलीवर भाकरी करते आन जिना चढला की तिला दम लागतो. भाऊ ३६, पोट सुटलंय पण बाकी ठणठणीत. ह्यातलं कुणाला जपायचं? का सगळा नशिबाचाच खेळ?

बीडचा_पैलवान
भाऊ रानात राबणाऱ्याला काय होत नसतं, हे सगळं एसीत बसणाऱ्यांचे रोग. तुमचा चुलता भीतीनं गेला असंल. हळद टाकून दूध प्या आन टीव्ही बंद करा.

घाटीतली_जुनी_सिस्टर
पैलवान दादा, ज्याच्या घरातला माणूस गेलाय त्याला भीतीनं गेला म्हणून सांगू नका. रानात राबणारे लई बघितलेत मी वॉर्डात, पालथे झोपलेले, पायाच्या भेगांत अजून काळी माती.

औसेकर दादा, तुमच्या चुलत्याची शुगर अॅडमिट झाल्यावर किती निघाली होती ते आठवतंय का? आन आजार सुरू झाल्यावर गावात सुया-गोळ्या कोणत्या चालू होत्या?

औशाचा_पोरगा
ताई शुगर ३८० निघाली होती. आम्हाला वाटलं मशीनच खराब, कारण त्याला शुगर नव्हतीच कधी. गावातल्या डॉक्टरनं तापाच्या दुसऱ्याच दिवशी एक इंजेक्शन आन बारक्या पांढऱ्या गोळ्या चालू केल्त्या, लगेच ताप उतरला म्हणून आम्ही खुश.

घाटीतली_जुनी_सिस्टर
अंदाज होताच. कागद बघितल्याशिवाय खात्रीनं कसं सांगू, पण ह्या गोळ्या स्टिरॉइडच्या असतात ही गोष्ट त्या वर्षी घरोघर झाली. स्टिरॉइड वाईट नाही हो, जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या ट्रायलमधून कळलं की डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम रोज दिलं तर ऑक्सिजनवरचे, व्हेंटिलेटरवरचे पेशंट जास्त वाचतात. पण त्याच ट्रायलमध्ये ऑक्सिजन लागत नसलेल्यांना काहीच फायदा दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी दिलं की ताप दबतो, माणसाला बरं वाटतं, आन आतमध्ये व्हायरस वाढायचाच असतो आणि शुगर भडकते ती वेगळीच. मे २०२१ ला काळ्या बुरशीचे पेशंट आले ना, डोळा सुजलेला, टाळूला काळा डाग, त्यातले बहुतेक असेच, शुगर हाताबाहेर आन वरून स्टिरॉइड.

आणि ३८० शुगर काय आजारपणात एका रात्रीत होत नाही सहसा. बऱ्याच वेळा ती आधीपासून असते, तपासलेली नसते एवढंच.

परभणीचे_गुरुजी
सिस्टर, ह्या शेवटच्या वाक्यावर मी दोन शब्द बोलतो. सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'चं काम आलं होतं, त्यात आम्हा मास्तरांनाही जुंपलं होतं, आशाताई थर्मल गन आणि ऑक्सिमीटर धरायची आणि मी रजिस्टर. प्रत्येक घरी इचारायचं, कुणाला शुगर, बीपी, दमा, किडनी, कॅन्सर आहे का. उत्तर ठरलेलं, "नाही ओ सर, सगळे धडधाकट." एका घरी मी सहज म्हणलं, तपासली कधी? तर म्हातारबाबा म्हणाले, "तपासायला काही झालंय का?" मी रजिस्टरमध्ये 'नाही' लिहिलं. पुढच्या घरी 'नाही'. पूर्ण गल्ली 'नाही'. नंतर दुसऱ्या लाटेत ह्याच गल्लीतून अँब्युलन्स जायला लागल्या आणि लोक म्हणायले की निरोगी माणसं चाललीत. आता वाटतं तिथं 'माहीत नाही' असा रकाना पायजे होता.

अंबाजोगाई_एमडी
उशिरा आलो, ड्युटी होती. गुरुजींच्या रकान्याला पूर्ण अनुमोदन.

मूळ प्रश्नाकडे. आजी वाचली आणि चुलता गेला म्हणजे वयाचा नियम खोटा, असं होत नाही. लस यायच्या आधीचे जगभरातले अंदाज बघा (बहुतेक आकडे श्रीमंत देशांतले आहेत, आपल्याकडं तंतोतंत लागू होतील असं नाही): लागण झालेल्यांपैकी ५५ व्या वर्षी हजारात ४ दगावायचे, ६५ ला १४, ७५ ला ४६ आणि ८५ ला १५०. वयाइतकी मोठी रिस्क दुसरी कुठलीच नव्हती. पण हाच आकडा उलटा वाचा, ८५ च्या शंभर आज्यांपैकी पंच्याऐंशी वाचल्याच की. तुमची आजी त्या पंच्याऐंशीतली, चमत्कार नाही. आणि चाळिशीचा माणूस जाणं दुर्मिळ होतं, पण लागण लाखोंना झाली की दुर्मिळ गोष्टसुद्धा प्रत्येक गावात दिसते.

वयावर बाकीच्या गोष्टी चढत जातात, पोत्यावर पोतं ठेवल्यासारख्या. शुगर (त्यातही कंट्रोलमध्ये नसलेली), पोटाची चरबी, किडनी, हृदय, सीओपीडी (फुप्फुसाचा दम लागणारा जुना आजार), कॅन्सरची ट्रीटमेंट, किडनी बदललेले पेशंट, त्यात पुरुष असणं हेही एक. क्वचित काही जणांत व्हायरसशी लढणाऱ्या इंटरफेरॉनविरुद्धच अँटिबॉडी निघाल्या, अतिगंभीर न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये साधारण दहात एकाला. म्हणजे "काहीच नसताना गेला" ह्यातले काही खरंच कुणाला दिसणार नाही अशा कारणानं गेले. पण बरेचसे गुरुजींच्या गल्लीतले.

आता तुमचं घर. वडिलांचं एचबीए१सी शेवटचं कधी केलं? नुसती उपाशीपोटीची शुगर बघून "कंट्रोल आहे" म्हणू नका, माणसं तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडतात, तीन महिन्यांची सरासरी लपत नाही. मायला दम लागतो ते मी सगळ्यात आधी धरीन. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईला बिडी न ओढता सीओपीडी होतो, घरचे म्हणतात वय झालं. फुंकायची टेस्ट करून घ्या, स्पायरोमेट्री म्हणतात, आणि हृदयही बघून घ्या, रक्त कमी आहे का तेही. तोंडातून ओढायचा पंप दिला तर सवय लागंल म्हणून बंद करू नका.

बायकोचं वय कमी म्हणून निवांत राहू नका. गरोदरपणात कोरोनात आयसीयू लागण्याचं प्रमाण त्याच वयाच्या बाकी बायकांपेक्षा जास्त होतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपणही. आणि सगळ्या साथी सारख्या नसतात बरं, १९१८ च्या फ्लूत विशी ते चाळिशीतली माणसं पटापट गेली, २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायका आणि लठ्ठ माणसं जास्त अडकली, साठीच्या वरच्यांना मात्र लागण कमी झाली कारण लहानपणी तसाच काही फ्लू अंगावरून गेलेला. पोटातलं लेकरू मात्र कोरोना आणि फ्लू दोन्हीत रिस्कमध्येच. तिला फ्लूच्या लसीबद्दल तुमच्या बाईडॉक्टरला विचारा.

२०२१ सारखी भीती आता धरू नका, सध्या फिरणारे ओमायक्रॉनच्याच घराण्यातले आहेत आणि आपल्या अंगात लस आणि जुनी लागण दोन्ही आहे. ऑक्सिमीटर मात्र घरात ठेवा. आजारी माणसाला घरातल्या घरात सहा मिनिटं चालवायचं, ९४ च्या खाली आलं किंवा चालून तीनपेक्षा जास्त उतरलं तर फोनवर भाव विचारत बसायचं नाही.

बीडचा_पैलवान
डॉक्टर माझं वजन ९८ हाय पण सगळी कसरतीची बॉडी हाय. रिस्क हाय का?

अंबाजोगाई_एमडी
टेप घ्या आणि बेंबीच्या लायनीत पोट मोजा. पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर म्हणजे कसरतीचं नाही. आपल्याकडं हातपाय काड्या आणि पोट नगारा असली माणसं जास्त, म्हणून वजनकाटाही फसवतो.

बीडचा_पैलवान
मोजलं. जाऊ द्या.

घाटीतली_जुनी_सिस्टर
😀 आकडा सांगा की दादा, इथं कोण बघायलंय.

औशाचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. काल वडिलांना आन मायला घेऊन गेल्तो. वडिलांचं एचबीए१सी ९.४ निघालं, म्हणजे दहा वर्षं आम्ही नुसत्या गोळ्याच आणायलो होतो. मायला लातूरला फुंकायची टेस्ट सांगितलीय, सोमवारी जायचंय, तवर गॅसवर कर म्हणलं तर म्हणती गॅसवरच्या भाकरीला चव येत नाही. आन भाऊ, जो ठणठणीत म्हणून मी वर लिहिलंय, तो नुसता गाडी चालवायला आल्ता, सिस्टरनं तुझंबी बोट दे म्हणलं तर २१२. तो म्हणतो रस्त्यात उसाचा रस पिलो म्हणून आलं. उद्या उपाशीपोटी परत बोलावलंय. आत्तापासूनच सकाळच्या चहावरून भांडायलाय.